बधिर होत जाणारे कष्टकरी हात

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा शहरालगतच्या कुंभारी येथील विडी कामगारांच्या वसाहतीत दुपारच्या वेळी गेले, तर बहुतेक दारांत एकच दृश्य दिसते. मांडीवर सूप, सुपात ओलसर तेंदूची पाने, तंबाखूचा ढीग, दोऱ्याचे रीळ आणि अखंड चालणारी दहा बोटे. सन २००६ मध्ये उभी राहिलेली ही दहा हजार घरांची वसाहत म्हणजे असंघटित महिला कामगारांच्या लढ्याचे मोठे यश मानले जाते. मात्र ज्या हातांच्या कमाईवर ही घरे उभी आहेत, त्या हातांच्या दुखण्याविषयी फारसे बोलले जात नाही. हात भरून येतात, बोटांना मुंग्या येतात, अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, रात्री झोप मोडते. हे सारे ‘कामाचे दुखणे’ म्हणून सोडून दिले जाते. तेल चोळायचे, गरम पाण्याने शेकायचे आणि सकाळी पुन्हा सूप मांडीवर घ्यायचे, हाच शिरस्ता.

विडी हे केवळ एक उदाहरण. ऊसतोडणीचा कोयता, नाशिकच्या द्राक्षबागांतील छाटणीची कात्री, शिवणयंत्र, हाताने दूध काढणे, रस्ता फोडणारे ब्रेकर यंत्र, पोळीभाजी केंद्रांतील लाटणे, चार घरची धुणी पिळणे. ज्या ज्या कामात हाताची तीच ती हालचाल हजारो वेळा करावी लागते, तेथे ही दुखणी येतात. ती सगळी एकच नसतात. काही विश्रांतीने बरी होतात, काही औषधाने. परंतु त्यांतील एक दुखणे असे आहे, की जे वेळेत ओळखले नाही तर हाताची गेलेली ताकद पुरती परत मिळत नाही. ते नेमके कोणते, हे ओळखता येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

हजार विड्यांचा हिशेब

विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांवर ठरते. रात्रभर भिजवून मऊ केलेले पान पत्र्याच्या साच्यावर धरून कात्रीने कापायचे, त्यात तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी व बोटांनी वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड दुमडायचे. एका विडीसाठी हे सारे करायचे, तर हजार विड्यांसाठी हजार वेळा. एका पानाभोवती कात्री एकापेक्षा अधिक वेळा फिरते, त्यामुळे केवळ कापण्याच्या कामात कात्री दिवसाला काही हजार वेळा उघडते आणि मिटते. तयार माल शाखेत नेल्यावर त्यातील सैल किंवा वाकड्या विड्या नापास म्हणून बाजूला काढल्या जातात. म्हणजे वेग कमी करूनही चालत नाही आणि पकड सैल करूनही चालत नाही.

चिमटीने धरण्याची क्रिया दिसायला हलकी वाटते. प्रत्यक्षात अंगठ्याच्या टोकाशी जेवढा जोर लावला जातो, त्याच्या सुमारे बारा पट दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतो, असे हाताच्या यांत्रिकीचा अभ्यास सांगतो. टोकाशी एक किलोचा जोर, तर मुळाशी बारा किलोंचा दाब. पन्नाशीनंतर स्त्रियांचा हा सांधा सर्वसाधारणपणे झिजू लागतोच. ज्यांचा संसार चिमटीवर चालतो त्यांचे दुखणे त्यामुळे अधिकच जाचक होते. बरणीचे झाकण उघडताना, किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येणे ही त्याची साधी खूण.

मनगटातील अरुंद वाट

बधिरतेचे मूळ मात्र बहुधा सांध्यात नसते. मनगटाच्या तळाशी आठ लहान हाडांची कमान असते आणि तिच्यावर एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. या दोहोंमधील बोळातून बोटे मिटणारे नऊ स्नायुबंध आणि ‘मीडियन’ नावाचा एक मज्जातंतू तळहातात उतरतो. बोळाच्या भिंती ताणल्या जात नाहीत. सततच्या हालचालीने स्नायुबंधांची आवरणे सुजली, किंवा मनगट तासन् तास वाकलेले राहिले, की आतला दाब वाढतो आणि त्या दाटीत सर्वांत मऊ असलेला मज्जातंतू दबला जातो. वैद्यकात यालाच ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो.

त्याची ओळख पटवणारी लक्षणे ठरलेली आहेत. मुंग्या येतात त्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यांतच. करंगळी सुटते, कारण तिची संवेदना दुसऱ्या मज्जातंतूकडे असते. दुखणे कामाच्या वेळी नव्हे, तर रात्री अधिक जाणवते, कारण झोपेत मनगट नकळत मुडपले जाते. पहाटे दोन-तीनच्या सुमारास हात जड होऊन जाग येते, माणूस उठून हात झटकतो, थोडे बरे वाटते, पुन्हा झोप लागते. हा हात झटकण्याचा प्रकार इतका नेहमीचा आहे, की केवळ तेवढ्या वर्णनावरूनही डॉक्टरांना संशय येतो. घरी करून पाहता येण्याजोगी एक चाचणीही आहे. दोन्ही तळहातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली सोडून, मनगटे पूर्ण वाकवायची आणि मिनिटभर तसेच राहायचे. तेवढ्यात त्याच बोटांना मुंग्या आल्या, तर मनगटात मज्जातंतू दबत असल्याची शक्यता मोठी. अमेरिकी शल्यविशारद जॉर्ज फॅलेन यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यावर या विकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

यानंतर दुखणे तीन टप्प्यांनी पुढे सरकते. प्रथम रात्रीच्या मुंग्या. मग दिवसाही मुंग्या, हातातून भांडे निसटणे, सुईत दोरा ओवता न येणे, ब्लाउजचे हूक लावताना बोटे चाचपडणे. तिसऱ्या टप्प्यात मुंग्या कमी होतात, आणि फसगत होते ती येथेच. रुग्णाला वाटते, तेलाने गुण आला. वास्तविक मज्जातंतू इतका निकामी झालेला असतो, की मुंग्यांची जाणीव देण्याचीही शक्ती त्यात उरलेली नसते. तळहातावरचा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागतो. दोन्ही हात शेजारी धरून पाहिले तर फरक डोळ्यांनी दिसतो. या टप्प्यावर शस्त्रक्रिया केली तरी झडलेला स्नायू पूर्ववत होण्याची खात्री देता येत नाही. तुटलेला वा खचलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने, आणि दीर्घकाळ उपाशी राहिलेला स्नायू त्याची वाट पाहत थांबत नाही.

अंगठा आखडणे, बोट अडकणे

मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस, हाड थोडे वर आलेले असते तेथे, कात्री चालवताना किंवा कपडे पिळताना कळ उठत असेल, तर तो प्रकार वेगळा. अंगठा बाहेर नेणारे दोन स्नायुबंध तेथे एका आखूड खोबणीतून सरकतात आणि घर्षणाने ती खोबण जाड होते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केरव्हँ यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. बाळाला वारंवार उचलून घेणाऱ्या नवमातांनाही हाच त्रास होतो, हे अनेक घरांत ठाऊक असेल. नाव ठाऊक नसते एवढेच. यात मुंग्या नसतात, दुखणे असते.

बोट मिटल्यावर सरळ होता होत नाही आणि दुसऱ्या हाताने ओढले की ‘टक्’ आवाज होऊन सुटते, याला ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. कोयता, पहार, छाटणीची कात्री यांच्या मुठीचा दाब तळहातावर बोटांच्या मुळाशी सतत पडतो, अशांना हे होते. मधुमेहींमध्येही ते अधिक दिसते. सकाळी बोटे अधिक ताठ असतात. सुरुवातीला विश्रांती, आधारपट्टी किंवा एखादे इंजेक्शन पुरते. अन्यथा लहानशी शस्त्रक्रिया.

पेटक्यांचे कारण पुन्हा निराळे. थकलेला स्नायू आकुंचन पावतो आणि सैल होत नाही. उन्हात घाम गाळणाऱ्यांच्या शरीरातील पाणी व क्षार कमी झाले की पेटके वाढतात. आखडलेली बोटे दुसऱ्या हाताने सावकाश सरळ करून तशीच धरावीत, झटका देऊ नये. उन्हातल्या कामगारांसाठी नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस उपयुक्त. मात्र दोन्ही हातांना वारंवार पेटके येत असतील आणि ओठांभोवतीही मुंग्या येत असतील, तर रक्तातील कॅल्शियम तपासून घेणे आवश्यक आहे.

ब्रेकर, ड्रिल, ग्राइंडर यांसारखी हादरणारी यंत्रे चालविणाऱ्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. अॅलिस हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टरांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील चुनखडीच्या खाणीत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या कामगारांची पाहणी केली, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक आणि बधिर पडत असल्याचे आढळले होते. आपल्याकडच्या उष्ण हवेत बोटे पांढरी पडणे फारसे दिसत नाही, त्यामुळे विकारच नाही असा समज होतो. बधिरता मात्र येतेच. युरोपीय संघाने २००२ मध्ये अशा यंत्रांच्या दैनंदिन हादऱ्यांवर मर्यादा घालून दिली. मुंबई-पुण्यात पदपथ फोडणारा मजूर मात्र बहुधा साधे हातमोजेही न घालता काम करताना दिसतो. अशा कामगारांनी धूम्रपान टाळणे विशेष गरजेचे, कारण त्याने बोटांतील रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

प्रत्येक बधिरता कामाची नव्हे

हाताला मुंग्या आल्या की कामाला दोष देऊन मोकळे होण्यात एक धोका आहे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, आमवात यांमुळेही मनगटातला मज्जातंतू दबतो. काम त्यात भर घालते. शाकाहारी मंडळींमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते आणि तिनेही हातपाय बधिर होतात. पायांच्या तळव्यांपासून मुंग्या सुरू झाल्या असतील, तर मनगटापेक्षा मधुमेहाचा किंवा बी-१२चा संशय आधी घ्यावा. मान हलवल्यावर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जात असेल, तर दोष मानेच्या मणक्यात असू शकतो.

आपल्या राज्यात आणखी एका आजाराचा विचार टाळता येत नाही, तो म्हणजे कुष्ठरोग. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्या जागी स्पर्श वा चटका न कळणे, कोपरामागची नस जाड लागणे, करंगळी व अनामिका आत वळू लागणे ही त्याची लक्षणे. बहुविध औषधोपचाराने हा आजार पूर्ण बरा होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. उशीर झाला तर बोटांची विकृती मागे राहते. आणि एका बाजूचा हात अचानक बधिर किंवा लुळा पडला, सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे तेल-मालिशीत घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

उपाय साधे, पण वेळेवर

मनगटात मज्जातंतू दबण्याच्या पहिल्या टप्प्यात सर्वांत उपयुक्त उपाय कमालीचा साधा आहे: रात्री मनगट सरळ ठेवणारी आधारपट्टी. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या या पट्टीत तळहाताच्या बाजूने एक कडक पट्टी असते. ती घट्ट आवळायची नसते. मनगट वाकू न देणे एवढेच तिचे काम. साधारण सहा आठवडे नियमाने वापरल्यास अनेकांची झोप पुन्हा सुरळीत होते. हीच पट्टी बांधून दिवसा जोराचे काम करणे मात्र बरे नव्हे. पट्टीविरुद्ध जोर लावावा लागतो आणि ताण कोपराकडे सरकतो. याने भागले नाही तर मनगटात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने आराम पडतो, परंतु बऱ्याच जणांत तो काही महिन्यांपुरताच टिकतो. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी केल्यावर दाबाची तीव्रता कळते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येतो. तो जाड पट्टा कापून वाट मोकळी करणारी ही शस्त्रक्रिया बहुधा केवळ हात बधिर करून, त्याच दिवशी घरी सोडण्याच्या बोलीवर होते. टाके दोनेक आठवड्यांनी निघतात, पकडीची ताकद यायला मात्र काही आठवडे ते काही महिने जातात.

रोजंदारीवरच्या बाईला हे ‘काही आठवडे’ परवडत नाहीत, आणि खरी अडचण नेमकी येथे आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ न देण्याला तिच्या दृष्टीने अधिक मोल आहे. कात्रीला वेळोवेळी धार लावून घेतली तर प्रत्येक कापामागचा जोर कमी होतो. कात्रीच्या कड्यांना कापडाची पट्टी गुंडाळल्यास अंगठ्यावरचा दाब पसरतो. सगळी पाने एका बैठकीत कापून मग सगळ्या विड्या वळण्याऐवजी कापणे आणि वळणे आलटून पालटून केले, तर त्याच स्नायूंवर सलग भार येत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे हात सोडून बोटे पूर्ण उघडणे, मूठ मिटणे, मनगट सैल करणे याने मजुरी फारशी बुडत नाही. हत्याराची मूठ फार बारीक असेल तर पकड अधिक आवळावी लागते. कोयत्याच्या किंवा खुरप्याच्या मुठीला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड व खरखरीत करता येते. पोळ्या लाटणाऱ्या बायकांसाठी ओटा कमरेच्या थोडा खाली असावा, म्हणजे मनगट मागे मुडपून जोर लावावा लागत नाही. धुण्यातील चादरी, जीन्स यांसारखे जड कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवले तर कपड्यांचे काही बिघडत नाही आणि धुणे करणाऱ्या बाईंचा अंगठा वाचतो. हा शेवटचा निर्णय अर्थातच घरमालकिणीच्या हाती असतो.

दोन गोष्टी टाळायला हव्यात. बधिर हात गरम पिशवीने किंवा तव्यावर तापवलेल्या फडक्याने शेकू नये. चटका बसतो तो कळतच नाही आणि फोड आल्यावर लक्षात येते. तसेच डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन् महिने घेणे मूत्रपिंडाला व जठराला घातक ठरते. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांना तर अधिकच. शिवाय दबलेल्या मज्जातंतूवर या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही; वेदना झाकली जाते, दाब तसाच राहतो.

कागदावर नसलेले आजार

कामामुळे हात बिघडतात, ही नवी जाण नव्हे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवर लिहिलेल्या ग्रंथात लेखनिकांच्या हाताला येणाऱ्या बधिरतेची नोंद केली होती. ब्रिटनमध्ये तारयंत्र चालविणाऱ्यांच्या हाताचे पेटके १९०८ मध्ये भरपाईस पात्र आजारांच्या यादीत घेण्यात आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोमचा स्पष्ट उल्लेख आहे. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाला जोडलेल्या, सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या २९ आजारांच्या यादीत मात्र शिसे, पारा, सिलिकोसिस, बहिरेपण हे सारे होते. हातांच्या स्नायू-मज्जातंतूंचा विकार त्यात नव्हता. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही यादी मुख्यत्वे तशीच आली.

विडी कामगार तर कारखान्यात बसतच नाही, घरी बसते. तिच्यासाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभारला गेला आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरबांधणीला मदत सुरू झाली. त्या निधीचा आधार असलेला विडीवरील उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताना रद्द झाला. योजनांना तेव्हापासून सरकारी अंदाजपत्रकाकडे पाहावे लागते. फुप्फुसांच्या आजारांची निदान चर्चा तरी होते, कारण तंबाखूची धूळ सर्वांना दिसते. मनगटातील दाब दिसत नाही.

केसपेपरवर रुग्णाचे वय, लिंग, पत्ता असतो, व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘गृहिणी’ एवढेच लिहिले जाते. दिवसाला हजार विड्या वळणारी, दोनशे पोळ्या लाटणारी किंवा पाच घरची धुणी करणारी बाई डॉक्टरांसमोर ‘हात दुखतो’ एवढेच सांगते, आणि वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परतते. कोणते काम, किती तास, किती वर्षे, मुंग्या कोणत्या बोटांना, रात्री जाग येते काय, वस्तू हातातून निसटतात काय, एवढे तिने सांगितले किंवा सोबत जाणाऱ्याने सांगितले, तर डॉक्टर अंगठ्याखालचा उंचवटा तपासून पाहतात. जिल्हा रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्यासाठी अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जावे लागते.